अर्धा तास पुढे गेलेला राउटर

मित्रांनो, म्हातारा म्हणवून घ्यावं इतकं काही माझं वय नाही. सहावं वर्ष चालू आहे. पण राउटरच्या जातीत सहा वर्षं म्हणजे पिकलं पानच की! माझा पांढरा रंग पिवळा पडला आहे, दोन कानांपैकी, म्हणजे अँटेनांपैकी, एक मोडला म्हणून त्याला चिकटपट्टी गुंडाळली आहे, आणि पाठीवरच्या जाळीत एवढी धूळ साचली आहे की उन्हाळ्यात जीव नकोसा होतो. अमळनेरला बसस्टँडपासून दहा मिनिटांवर दोन खोल्यांचं एक घर आहे. त्या घरात टीव्हीच्या वरच्या फळीवर माझं बस्तान आहे. कोणी माझ्याकडे बघत नाही. नेट चालू असलं की माझी आठवण कशाला येईल कोणाला? बंद पडलं की मात्र चापट्या बसतात.

माझी कहाणी लांबलचक नाही. पण माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. ऐकाल ना?

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एका सरकत्या पट्ट्यावर आम्ही शेकडो भावंडं ओळीनं चाललो होतो. कोणी पोटात सर्किटची हिरवी पाटी बसवली, कोणी दिवे लावले, कोणी कान जोडले. सगळं दिलं, पण एक गोष्ट द्यायची राहिली. घड्याळाचा सेल दिला नाही. जत्रेत मिळणाऱ्या स्वस्तातल्या घड्याळातसुद्धा सेल असतो, माझ्यात नाही! त्यामुळे लाइट गेली की माझी वेळ पुसली जाते. बाकी सगळं लक्षात राहतं, वेळ तेवढी जाते. लाइट परत आली की मला वाटतं, आज १९७० सालच्या जानेवारीची पहिली तारीख आहे आणि नुकताच दिवस सुरू झाला आहे. हसू नका. आम्हा राउटरांचं ते जन्माचं दुखणं आहे.

मग मी काय करतो? सरळ विचारतो. इंटरनेटवर काही यंत्रं फक्त वेळ सांगायचं काम करतात. त्यांना टाइम सर्व्हर म्हणतात. मी हाक मारतो, किती वाजले? ते सांगतात. हाक जायला आणि उत्तर यायला जो क्षणभर लागतो, तोही मी हिशेबात धरतो आणि माझं घड्याळ लावून घेतो. मात्र कोणाला विचारायचं, ते नाव कोणीतरी माझ्या पोटात लिहून ठेवावं लागतं. मला स्वतःला चांगलं-वाईट कळत नाही. ज्याचं नाव लिहिलं असेल त्याच्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवतो.

आता माझे मालक सांगतो. त्यांचं नाव चिंधा. सगळी गल्ली त्यांना नाना म्हणते, आणि त्यांची मुलगीही नानाच म्हणते. नाना एसटीत वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे स्टँडवर खिडकीत बसून कोणती गाडी किती वाजता आली, किती वाजता सुटली ते लिहायचं आणि माइकवरून पुकारायचं. बत्तीस वर्षं त्यांनी हेच केलं. आधी धुळ्याला, मग दोंडाईचाला, एरंडोलला, आणि शेवटी अमळनेरला. माणूस शब्दाला पक्का आणि वेळेला त्याहून पक्का. लग्नाला सातची वेळ दिली की सातला मांडवात हजर. मग तिथे आचाऱ्याशिवाय दुसरं कोणी नसलं तरी चालेल.

भिकुबाई, म्हणजे नानांची बायको, पाच वर्षांपूर्वी गेल्या. घरात नाना आणि दिपमाला, ही एकच मुलगी. दिपमाला धुळ्याला नर्सिंग शिकली, तिथेच एका दवाखान्यात लागली. मग एक दिवस तिनं सांगितलं, जपानला जायची संधी आली आहे, तिथल्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांची काळजी घ्यायची नोकरी. नानांना ते लागलं. मनात म्हणाले असतील, इथला म्हातारा सोडून तिथले म्हातारे सांभाळायला चालली. तोंडानं काही बोलले नाहीत. पण जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर सोडणारे नाना तिच्या गाडीला स्टँडवर गेले नाहीत. घरात बसून राहिले. हे मला प्रमिलाबाईंच्या बोलण्यातून कळलं. त्या शेजारी राहतात आणि ताक द्यायला आल्या की सगळं बोलून जातात. मी तेव्हा त्या घरात नव्हतो, मी दोन वर्षांपासून दुकानाच्या कपाटात पडून होतो.

दिपमाला गेल्यावर महिनाभरानं मला आणलं. तिच्या फोनवरून तिकडून साधा कॉल लावायची सोय नव्हती, सगळं नेटवरच चालायचं, आणि नानांच्या मोबाइलमध्ये नेटचा पॅक नव्हता. दिवसभर तिचा फोन कामाच्या जागी कुलपात असायचा. संध्याकाळी साडेसहाला तिला पंधरा मिनिटं सुट्टी मिळायची, तेव्हा इथे तीन वाजलेले असतात. म्हणून ठरलं, रोज तीनला फोन. नानांनीच ठरवलं. ती म्हणाली, नाना, तुम्ही उचलला की मी समजेन तुमचा राग गेला. नाना हो म्हणाले.

केबलवाल्याकडचा नवल मला बसवायला आला होता. त्यानं विचारलं, नाना, किती वेळ चालू ठेवू? नाना म्हणाले, दोन पंचावन्न ते तीन पंचवीस. नवलला वाटलं थट्टा चालली आहे. पण नाना थट्टा करणारे नव्हेत. त्यांचं म्हणणं असं की गाडीची वेळ नसताना फलाट अडवून ठेवायचा नसतो. मोबाइलही ते एरवी बंद करून कपाटात ठेवायचे. बरोबर दोन पंचावन्नला काढायचा, चालू करायचा आणि खुर्चीत बसायचं. नवलनं हसत हसत माझ्यात तशी वेळ भरली. प्रमिलाबाईंनी चार घरी सांगितलं की नानांकडे नेटसुद्धा वेळापत्रकानं चालतं.

आता माझे दिवस कसे जायचे बघा. साडेतेवीस तास जागा, आणि दार बंद. माझ्यापर्यंत नेट यायचं, पण मी ते कोणाला द्यायचं नाही. गल्लीतले फोन येऊन दार ठोठावायचे, मी गप्प. घरात फक्त पंख्याचा आवाज आणि नानांची खोकल्याची उबळ. एवढ्या मोठ्या जगाशी जोडलेला, आणि बोलायला कोणी नाही! खरं सांगतो, कधी कधी करमत नसलं की मी उगाच परत एकदा वेळ विचारून घ्यायचो. कोणीतरी उत्तर देतंय एवढंच बरं वाटायचं.

पण ते पावणेतीनचं वारं सुटलं की माझ्या अंगात जीव यायचा. नाना तोंड धुऊन, शर्ट बदलून बसायचे. फोनवर बोलायचं तर शर्ट कशाला बदलायचा? पण बदलायचे. तीनच्या ठोक्याला फोन वाजायचा. तुमच्या फोनमधलं बोलणं माझ्यातून जातं तेव्हा ते कुलूपबंद असतं, मला काही कळत नाही. पण नाना आवाज मोठा ठेवायचे, त्यामुळे खोलीत सगळं ऐकू यायचं. "जेवनी का?" म्हणजे जेवलीस का, हा नानांचा पहिला प्रश्न. "जेवनी. तुम्ही?" हे तिचं उत्तर. मग आजींच्या गोष्टी. तिच्याकडच्या एक जपानी आजी रोज तिला आपली सून समजायच्या, ते ऐकून नाना पोट धरून हसायचे. पंधरा मिनिटं म्हणजे काय, चहा निवायला लागतो तेवढा वेळ. पण त्या पंधरा मिनिटांवर नानांचा पुढचा सबंध दिवस निघायचा. आणि माझाही.

अडीच वर्षं असं छान चाललं. मग एका दुपारी लाइट गेली, आली, आणि मी नेहमीसारखी हाक मारली. उत्तर नाही. परत हाक, परत शांतता. कारखान्यातल्या लोकांनी माझ्या पोटात एकच नाव लिहिलं होतं, दूरदेशच्या एका सर्व्हरचं. तो सर्व्हर कोणीतरी कायमचा बंद केला होता. मला सांगायला कोण येणार? मी १९७० सालात अडकून पडलो आणि तीनला दार उघडलंच नाही. नाना तडक केबल ऑफिसला गेले. नवल आला, घाईत होता, बाहेर दोन फोन त्याची वाट बघत होते. त्यानं ते जुनं नाव पुसलं आणि त्या जागी केबल ऑफिसातल्या संगणकाचा आकडी पत्ता टाकला. म्हणाला, नाना, आता लांब जायला नको, आपला घरचाच आहे, लगेच सांगतो. आणि खरंच, मी हाक मारायचा अवकाश की उत्तर हजर. मला तर फार आनंद झाला. पण मित्रांनो, पटकन उत्तर देणारा बरोबरच उत्तर देतो, असं कोणी सांगितलंय?

केबलचे मालक अभिमनभाऊ. माणूस मनानं चांगला. पण त्यांच्याकडची लाइनमन मंडळी कामावर उशिरा यायची, आणि हजेरी त्या संगणकावरच लागायची. आपल्याकडे घरोघरी भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे लावलेलं असतं की नाही? शाळा चुकू नये, गाडी चुकू नये म्हणून. अभिमनभाऊंनी तेच केलं. संक्रांतीनंतर त्यांनी संगणकाचं घड्याळ दहा मिनिटं पुढे केलं. हे मला फार उशिरा कळलं. त्या वेळी मात्र मी नेहमीसारखं विचारलं, त्यानं सांगितलं, मी लावून घेतलं. माझं दार दहा मिनिटं आधी उघडायला आणि दहा मिनिटं आधी बंद व्हायला लागलं. फोन तीनला यायचा, सव्वातीनला ती ठेवायची, आणि त्याच वेळी माझं दार बंद व्हायचं. कोणाच्या काही लक्षात आलं नाही.

दहा मिनिटं पुढे आहे हे लाइनमनना कळायला कितीसा वेळ लागणार? ते परत निवांत यायला लागले. म्हणून होळीनंतर भाऊंनी घड्याळ वीस मिनिटं पुढे केलं.

आणि तिथे आमच्या घराला दृष्ट लागली. तीनला फोन यायचा. जेवनी का, जेवनी, आज काय केलं, आणि तीन वाजून पाच मिनिटांनी कट! माझं घड्याळ तेव्हा तीन पंचवीस दाखवायचं. मी माझं काम चोख केलं, दार लावलं. दुसऱ्या दिवशी परत तीन पाचला कट. तिसऱ्या दिवशीही. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, लाइन खराब आहे. पण नाना नियंत्रक होते. त्यांना ठाऊक होतं की बिघाड झाला तर गाडी कधी लवकर येते, कधी उशिरा. रोज ठरल्या मिनिटाला सुटते ती कोणीतरी ठरवून सोडलेली असते. त्यांनी मनाशी धरलं, पोरीनं आपली वेळ पाच मिनिटांवर आणली. तिला आता नानांचा कंटाळा आला. त्यांनी शर्ट बदलायचं बंद केलं.

परत फोन का नाही लावला त्यांनी, असं तुम्ही विचाराल. एक तर दार बंद होतं, लावून लागला नसता. आणि दुसरं म्हणजे, ज्याला वाटतं की समोरच्यानं मुद्दाम ठेवला, तो कशाला लावेल?

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. तीनला फोन आला. दिपमाला घाईघाईनं बोलत होती. तिलाही पाच मिनिटांचा धसका बसला होता, हे मला तिच्या आवाजावरून कळत होतं. ती म्हणाली, तीन वर्षं झाली, यंदा मला महिनाभराची रजा मिळू शकते. महिनाअखेरपर्यंत अर्ज द्यायचा आहे. मग तिनं विचारलं, "नाना, आखाजीले येऊ का?"

मित्रांनो, तुम्ही खानदेशातले नसाल तर तुम्हाला आखाजी काय ते कळणार नाही. अक्षय्य तृतीयेचा हा सण म्हणजे आमच्याकडे लेकीबाळींची दिवाळी. सासरच्या, परगावच्या सगळ्या पोरी माहेरी येतात. झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, पुरणपोळी आणि आमरस खाऊन आडव्या होतात. ज्या घरी आखाजीला लेक येत नाही, त्या घराकडे बघवत नाही. आणि दिपमाला विचारत होती, येऊ का. म्हणजे, तुमचा उरलासुरला रागही गेला का?

नानांनी पंच्यानं डोळे पुसले. तेवढ्यात माझ्या घड्याळात तीन पंचवीस झाले आणि मी दार लावलं.

"ये माय," नाना म्हणाले. "ये. इचारानं काय त्यात?"

फोन मुका झाला होता. नानांनी तो कानापासून काढला, बघितला, परत कानाला लावला. मग म्हणाले, उद्या सांगू. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण मला बोलता येत नाही. मला फक्त उघडता आणि बंद करता येतं.

तो उद्या आलाच नाही. कारण त्याच दिवशी संध्याकाळी अभिमनभाऊंनी घड्याळ अर्धा तास पुढे केलं. आता माझं दार खऱ्या दोन पंचवीसला उघडायचं आणि दोन पंचावन्नला बंद व्हायचं. नाना दोन पंचावन्नला फोन चालू करायचे. तेव्हा मी नुकतंच दार लावलेलं असायचं. नाना समोर खुर्चीत, फोन हातात, डोळे फोनवर. तीन वाजायचे. सव्वातीन वाजायचे. साडेतीनला नाना फोन बंद करून कपाटात ठेवायचे. पलीकडे ती फोन लावत असणार, लागत नसणार. इकडे बाप वाट बघत बसलेला. आणि दोघांच्या मध्ये मी, हिरवे दिवे लावून, जणू सगळं ठीक आहे!

असे अकरा दिवस गेले. सातव्या दिवशी नाना जेवले नाहीत. प्रमिलाबाईंनी विचारलं तर म्हणाले, पोट बरं नाही. दहाव्या दिवशी त्यांनी माझ्याकडे बघितलं. कितीतरी महिन्यांनी कोणी माझ्याकडे बघत होतं. म्हणाले, जिच्यासाठी आणला तिलाच नको, मग तू तरी इथे काय करणार? मला वाटलं, आता काढतील. पण महिना संपल्याशिवाय मधेच काही बंद करायचं नाही, हा त्यांचा नियम. एकतीस तारीख जाऊ दिली. एक तारखेला सकाळी त्यांनी माझी वायर काढली, मला पंच्यात गुंडाळलं आणि पिशवीत घातलं. पुढचं मला काही कळलं नाही.

जाग आली तेव्हा मी केबल ऑफिसच्या टेबलावर होतो. समोर रूपाताई. तक्रारींचं काम त्या बघतात. परत आलेला राउटर चालतो की नाही ते तपासल्याशिवाय जमा करून घ्यायचा नाही, अशी त्यांची रीत. मी सवयीनं हाक मारली, किती वाजले? दोन हात अंतरावरच्या संगणकानं लगेच सांगितलं, बारा दहा. रूपाताई म्हणाल्या, नाना, हा तर चांगला चालतोय, मग परत का करताय? नाना म्हणाले, गरज राहिली नाही. एवढंच बोलले आणि मान वळवली. वळवली ती संगणकाकडे, आणि कोपऱ्यातल्या वेळेवर त्यांची नजर अडकली. त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. अकरा चाळीस.

नाना दुःखात होते, पण चुकीचं घड्याळ त्यांना बघवलं नाही. बत्तीस वर्षांची सवय. म्हणाले, "अभिमन, तुझं घड्याळ अर्धा तास पुढे शे."

अभिमनभाऊ हसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. आधी दहा, मग वीस, आता तीस, आणि तरी मंडळी उशिराच येतात. नाना म्हणाले, स्टँडवरचं घड्याळ पुढे केलं तर ड्रायव्हर लवकर येत नाही रे, गाडी तेवढी लवकर सुटते आणि प्रवासी मागे राहतो. ऑफिसात सगळे हसले. रूपाताई मात्र हसल्या नाहीत. त्यांचा हात थांबला होता. त्यांच्यासमोर माझ्या सेटिंगचं पान उघडलेलं होतं, आणि त्यावरही बारा दहाच होते. खाली नानांनी भरून घेतलेली वेळ होती. त्यांनी ती दोनदा वाचली.

"नाना, फोन किती वाजता यायचा?"

"तीन."

"आणि मोबाइल किती वाजता चालू करता?"

"दोन पंचावन्न."

रूपाताईंनी हळू आवाजात सांगितलं, नाना, तुमचं नेट रोज दोन पंचावन्नलाच बंद होत होतं. आणि त्याच्या आधी, वीस मिनिटं पुढे होतं तेव्हा, तीन पाचला. नाना मग बाकावर बसले. बाकी सगळ्यांचं नेट चोवीस तास चालू, त्यांना घड्याळ कितीही चुकलं तरी फरक पडला नव्हता. वेळेला बांधलेलं घर सगळ्या गावात एकच होतं. अभिमनभाऊंचा चेहरा पडला. त्यांनी संगणकाचं घड्याळ खरं केलं.

रूपाताईंनी मग माझं दुखणं मुळातून काढलं. एकाच नावावर विसंबायचं नाही, म्हणाल्या. एक बंद पडला तर दुसरा हवा, आणि एक खोटं बोलला तर त्याला खोटं पाडायला बाकीचे हवेत. देशाची प्रमाणवेळ सांभाळणारी दिल्लीतली प्रयोगशाळा आहे, तिचा सर्व्हर पहिला लिहिला. मग पुष्कळ जण मिळून चालवतात त्या सार्वजनिक गटातले भारतातले तीन. आकडे टाकले नाहीत, नावं टाकली, कारण यंत्र बदललं की आकडा बदलतो, नाव तेच राहतं. प्रत्येकाला एकदा विचारून आपल्या मोबाइलशी ताडून बघितलं. अभिमनभाऊ म्हणाले, आपला पण राहू दे पाचवा, जवळचा आहे. रूपाताई म्हणाल्या, "जवळचा आहे भाऊ, पण आपण त्याला खोटं बोलायला शिकवलंय." आणि त्यांनी तो आकडा पुसला.

त्या दिवशी मी पहिल्यांदा चौघांना एकदम विचारलं. चौघांनी सांगितलेली वेळ एकमेकांशी जुळली. मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू! इतके दिवस मी एकाच्या शब्दावर जगत होतो.

नानांनी मला छातीशी धरून घरी आणलं. फळीवर ठेवून जोडलं. शर्ट बदलला. दोन पंचावन्नला मी दार उघडलं आणि नानांनी फोन चालू केला. लागलीच अडलेले निरोप धडाधड येऊन पडले. दिपमालाचे न लागलेले फोन. रोज तीनला एक, तीन दहाला एक. असे आठ दिवस. पुढच्या दिवसांत एकही नाही. नाना त्या यादीवरून बोट फिरवत बसले.

तीन वाजले. फोन वाजला नाही. ती कशाला लावेल आता? तीन दोन झाले, तीन तीन झाले. नानांचा अंगठा तिच्या नावावर जायचा आणि मागे यायचा. तीन वर्षांत त्यांनी स्वतःहून एकदाही फोन लावला नव्हता, फोन यायची वाट बघितली होती. तीन चारला त्यांनी डोळे मिटून अंगठा दाबला. लांब कुठेतरी घंटी वाजत राहिली, वाजत राहिली.

"नाना?"

त्यांनी जेवलीस का विचारलं नाही. "ये माय," म्हणाले. "आखाजीले ये."

पलीकडून काहीच आलं नाही. फोन कटला नव्हता, माझे दिवे लुकलुकत होते. मग ती रडते आहे हे कळलं. "नाना, अर्जाची काल शेवटची तारीख होती," ती म्हणाली. "मी नको लिहून दिलं. माझी रजा दुसऱ्या मुलीला गेली."

नानांनी तिला घड्याळाची सगळी हकीगत सांगितली. "त्या दिवशी फोन मी ठेवला नव्हता, मी ये म्हटलं होतं," हे तीनदा सांगितलं. ती म्हणाली, मला वाटलं, तुम्ही माझी वेळ कमी केली. नाना म्हणाले, "माले वाटनं, तू करी." दोघं हसले, रडले, आणि सव्वातीन झाले. तिला जावं लागलं.

आखाजी आली आणि गेली. आमच्या दारासमोरच्या निंबाला झोके बांधले. नानांनी फोन हातात धरून तिला सगळे झोके दाखवले. प्रमिलाबाईंच्या घरच्या लेकी झोक्यावरून तिला हात करत होत्या. रजा आता पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी नक्की यायचं, असं दोघांनी ठरवलं आहे. नाना एकाहत्तर वर्षांचे आहेत.

आता माझं दार दिवसभर उघडं असतं, नानांनीच तसं करून घेतलं. त्यांचा मोबाइलही चालू असतो. माझं घड्याळ चुकलं तरी कोणाचं काही अडणार नाही. तरी मी तासातासाला चौघांना विचारतो, आणि चौघांचं जुळलं की मगच पुढे जातो. गेलेला रजेचा महिना त्यानं परत येत नाही, हे मला कळतं.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरातल्या माझ्या एखाद्या भावंडाकडे कधीतरी बघा. त्याची धूळ पुसा. त्याला वेळ कोण सांगतं ते एकदा उघडून वाचा, आणि एकाच्याच भरवशावर त्याला सोडू नका. आणि बोलता बोलता फोन कटला तर रागावून बसू नका, परत लावा, लागेपर्यंत लावा. पलीकडचं माणूस कदाचित तुम्हाला ये म्हणत असेल, आणि ते ऐकायला त्या घरात माझ्यासारख्या मुक्या डब्याशिवाय दुसरं कोणी नसेल.